शेजाऱ्यांच्या वैराविषयी

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगला गेल्या काही वर्षांत जी जागा मिळू लागली आहे, तिच्याबद्दल प्रथम आभार. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या वाचकांना तोटा नाही, आणि शनिवारी रात्री संपलेल्या सामन्याचा वृत्तान्त सोमवारच्या अंकात का होईना, पण मराठीत वाचायला मिळतो याचे मला अजूनही अप्रूप आहे. तरीही इंग्लिश फुटबॉलमधील ‘कट्टर वैरां’ची क्रमवारी लावणारा जो लेख आपण मध्यंतरी छापला, त्याबद्दल सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या लेखात मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल ही जोडी पहिल्या क्रमांकावर होती, एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांची दोन ओळींत बोळवण केली होती, आणि ‘युद्ध’, ‘रणसंग्राम’, ‘सूड’ हे शब्द सगळ्याच लढतींना सरसकट लावले होते.

सिटी आणि लिव्हरपूल यांच्यात विलक्षण चुरस होती, हे मला मान्य आहे. 2018-19 मध्ये सिटीने 98 गुणांनी विजेतेपद घेतले तेव्हा लिव्हरपूलचे 97 गुण झाले होते, आणि 2021-22 मध्ये हेच आकडे 93 आणि 92 असे होते. परंतु ही पेप गार्डिओला आणि यर्गेन क्लॉप या दोन असामान्य प्रशिक्षकांच्या काळातील चुरस होती. 2024 मध्ये क्लॉप लिव्हरपूल सोडून गेले आणि तिची धार कमी झाली. ज्याला तेथील माणसे खरोखर वैर मानतात ते असे प्रशिक्षकाबरोबर सामान बांधून निघून जात नाही. ते त्या गावाच्या गल्ल्यांत, घरांत आणि जुन्या हिशोबांत मुरलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ मैदानाबाहेरच्या एखाद्या अगदी व्यवहारी भांडणात सापडते.

आपल्या लेखाने दोन ओळींत आटोपलेल्या जोडीचेच पाहावे. आज लिव्हरपूलचे घर म्हणून जगभर ओळखले जाणारे ॲनफिल्ड हे मैदान 1892 पर्यंत एव्हर्टनचे होते. मद्याचा कारखाना चालवणारे जॉन हौल्डिंग हे एव्हर्टनचे अध्यक्षही होते आणि मैदानाचे मालकही. भाड्यावरून आणि एकूण व्यवहारावरून त्यांचे क्लबाच्या सभासदांशी बिनसले, सभासदांनी बिऱ्हाड हलवले आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क हे नवे मैदान उभारले. हौल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान राहिले. ‘एव्हर्टन’ हे नाव आपल्याकडे राखण्याची त्यांची खटपट फसली, तेव्हा त्यांनी लिव्हरपूल या नावाचा नवा क्लब काढला. म्हणजे मालक आणि भाडेकरू यांच्या तंट्यातून एका शहरात दोन क्लब झाले, आणि दोघांच्या मैदानांमध्ये पुढची 133 वर्षे एका बागेएवढेच अंतर राहिले. भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्पिढ्या चालवणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला कोणत्याही युद्धाच्या उपमेची गरज नाही.

येथे माझा पक्षपात सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. मी एव्हर्टनचा चाहता आहे. ऑक्टोबर 2002 मधल्या एका शनिवारी, महाविद्यालयात शिकत असताना, मित्राच्या घरी दूरचित्रवाणीवर एव्हर्टनचा आर्सेनलशी सामना पाहिला. आर्सेनल लीगमध्ये सलग 30 सामने अपराजित होता, आणि वयाची सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या वेन रूनीने अखेरच्या मिनिटाला लांबून मारलेल्या गोलने ती मालिका तोडली. त्या गोलमुळे मी एव्हर्टनचा झालो. दोन वर्षांनी रूनी मँचेस्टर युनायटेडकडे गेला. मी मात्र जेथे होतो तेथेच राहिलो, आणि त्यानंतरच्या काळात एकही मोठा चषक माझ्या वाट्याला आलेला नाही, हेही नमूद करतो. 2023-24 मध्ये आर्थिक नियमभंगासाठी आमचे गुण कापले गेले तेव्हा लिव्हरपूलला मानणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने पेढे वाटले होते.

तो भाऊ आणि मी एकाच घरात राहतो. लिव्हरपूल शहरातही असेच आहे: एकाच घरात बाप निळा, म्हणजे एव्हर्टनचा, आणि मुलगा लाल, म्हणजे लिव्हरपूलचा, असे सर्रास आढळते, आणि म्हणूनच तेथील डर्बीला, म्हणजे शेजारी क्लबांच्या लढतीला, पूर्वापार ‘मित्रांची डर्बी’ म्हणत आले. आपल्या पेठांचे याहून वेगळे काय आहे? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे आपल्या पेठांचे संघ समोरासमोर येतात तेव्हा गॅलरीत जो आवाज उठतो तो ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावे की ही दोन शहरे आहेत. प्रत्यक्षात माझ्या आईचे माहेर शिवाजी पेठेतले आणि सासर मंगळवार पेठेतले असल्यामुळे सामन्याच्या दिवशी तिने कोणाच्या डब्यात काय भरले यावरूनही आमच्याकडे वाद झालेले आहेत. अर्थात मित्रांची डर्बी म्हणजे गोडीगुलाबीची लढत, असेही कोणी समजू नये. प्रीमियर लीगच्या इतिहासात सर्वाधिक लाल कार्डे याच लढतीत दाखवली गेली आहेत. गुडिसन पार्कवरची पुरुष संघांची अखेरची मर्सीसाइड डर्बी, म्हणजे याच दोन शेजाऱ्यांची लढत, 12 फेब्रुवारी 2025 रोजी झाली, तेव्हा भरपाईच्या वेळेत आठव्या मिनिटाला जेम्स टारकोव्स्कीने 2-2 अशी बरोबरी साधली आणि शिट्टी वाजल्यानंतर दोन्ही संघांचा एकेक खेळाडू आणि लिव्हरपूलचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांना लाल कार्ड दिसले. त्याच मैदानावर, अशाच एका डर्बीच्या वेळी, 1 मार्च 1980 रोजी डिक्सी डीन यांचे प्रेक्षागारात निधन झाले होते. 1927-28 च्या एका हंगामात लीगमध्ये 60 गोल करणारा हा एव्हर्टनचा खेळाडू, आणि मृत्यूही शेजाऱ्याशी सामना चालू असताना. मे 2025 मध्ये एव्हर्टनच्या पुरुष संघाने ते मैदान सोडले आणि गोदीच्या काठावरच्या नव्या स्टेडियमची वाट धरली, तेव्हा आपल्या पानावर ही बातमी एका चौकटीपुरतीही आली नाही, याचे मला वाईट वाटले.

‘सूड’ या शब्दाला माझी हरकत आहे ती निव्वळ भाषेच्या शुद्धतेसाठी नाही. या क्लबांच्या इतिहासात खरी प्रेते आहेत. 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेन्टस यांच्या अंतिम सामन्याच्या वेळी लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या दंगलीमुळे 39 माणसे दगावली; परिणामी इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांची बंदी आली, आणि त्याच वर्षी विजेता ठरलेल्या एव्हर्टनला युरोपियन कप खेळताच आला नाही. माझ्या क्लबाच्या जुन्या चाहत्यांच्या मनातला हा सल अजून गेलेला नाही. पण चारच वर्षांनी, 15 एप्रिल 1989 रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांची चेंगराचेंगरी झाली. त्या घटनेने अखेर 97 बळी घेतले. त्यानंतर त्या शहराने काय केले? गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, स्टॅनली पार्क ओलांडून, निळ्या आणि लाल स्कार्फांची एकमेकांना गाठी मारलेली सलग माळ लावली. पुढच्याच महिन्यात एफए कपचा अंतिम सामना याच दोन क्लबांमध्ये झाला आणि लिव्हरपूलने तो 3-2 असा जिंकला.

या प्रसंगात वृत्तपत्रांसाठीही एक गोष्ट आहे, म्हणून ती आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करतो. दुर्घटनेनंतर लंडनच्या ‘द सन’ या दैनिकाने मृत आणि जखमी चाहत्यांवर खोटे, किळसवाणे आरोप पहिल्या पानावर छापले. लिव्हरपूल शहराने त्या पत्रावर घातलेला बहिष्कार आजही सुटलेला नाही, आणि तो पाळण्यात एव्हर्टनचे चाहते लाल चाहत्यांच्या मागे नाहीत. 2017 मध्ये एव्हर्टनने त्या दैनिकाच्या वार्ताहरांना आपल्या मैदानाचे दरवाजे बंद केले. चाहत्यांचा दोष नव्हता हे ज्युरीने 2016 मध्ये, म्हणजे 27 वर्षांनी, स्पष्ट सांगितले.

आता आपल्याकडच्या चाहत्यांबद्दल. मी ज्या व्हॉट्सॲप गटांत आहे त्यांत बहुतेक मुले विशीतली आहेत, खेळाचे बारकावे माझ्यापेक्षा अधिक जाणणारी आहेत, आणि तरीही लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्याच्या आदल्या रात्री म्युनिकच्या विमानावरून आणि हिल्सबरोवरून विनोद फिरू लागतात. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर झालेल्या अपघातात 23 जण मृत्यू पावले, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते, याची बहुतेकांना कल्पना नसते. ते कोठून तरी आलेले चित्र पुढे ढकलतात, एवढेच. इंग्लंडमध्ये अशा घोषणांवर आता मैदानबंदीची आणि खटल्याची कारवाई होते. आमच्या मुलांना ते कोणी सांगितलेले नाही, आणि आपल्यासारख्या दैनिकात सामन्याचे वर्णन ‘रक्तरंजित वैर’ असे छापून आले की त्यांना आपण करतो ते बरोबरच आहे असे वाटते.

खरे पाहता त्या दोन शहरांच्या भांडणाची गोष्ट या विनोदांपेक्षा कितीतरी रंजक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या गोदीत उतरत असे, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात त्यात वऱ्हाडातून मुंबईमार्गे गेलेल्या कापसाचाही मोठा वाटा होता. गोदीचे शुल्क आणि रेल्वेचे भाडे भरून मँचेस्टरचे व्यापारी जेरीस आले, तेव्हा त्यांनी समुद्रातली जहाजे थेट आपल्या दारात यावीत म्हणून 36 मैलांचा कालवा खणून काढला. हा कालवा 1894 मध्ये खुला झाला. मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांच्या बोधचिन्हांवर जे गलबत दिसते ते त्या शहराच्या सागरी व्यापाराचे आहे, आणि लिव्हरपूलच्या माणसाला ते पाहून काय आठवत असेल ते सांगायला नको. लिव्हरपूल आणि युनायटेड या दोन्ही क्लबांची आजवर 20-20 लीग विजेतेपदे झाली आहेत. गंमत अशी की युनायटेडला घडवणारे मॅट बझ्बी हे स्वतः खेळाडू म्हणून आधी मँचेस्टर सिटीत आणि मग लिव्हरपूलमध्ये होते.

उत्तर लंडनची कथा तर थेट मतपेटीतली आहे. वुलिच येथील शस्त्रागारातल्या कामगारांनी काढलेला आर्सेनल 1913 मध्ये नदी ओलांडून टॉटनहॅमच्या शेजारी हायबरीला आला. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये पहिल्या श्रेणीत संघ वाढवायचे ठरले, तेव्हा त्या श्रेणीत तळाशी राहिलेल्या टॉटनहॅमला 8 मते आणि दुसऱ्या श्रेणीतल्या आर्सेनलला 18 मते पडली. ही मते कशी जमवली गेली याच्या शंका टॉटनहॅमचे चाहते आजही उगाळतात. साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात परके असे काहीच वाटणार नाही.

माझ्यासारखा दूरचा चाहता या सगळ्यात पाहुणा आहे, याची मला जाणीव आहे. शनिवारी दुपारी तीनच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण ब्रिटनमध्ये होत नाही. तिकीट न मिळालेला लिव्हरपूलचा रहिवासी रेडिओवर कान लावतो आणि मी कोल्हापुरात बसून तोच सामना आरामात पाहतो. पण पाहुण्याच्या नावावर काय काय खपवले जाऊ शकते, तेही आपण पाहिले आहे. 18 एप्रिल 2021 रोजी इंग्लंडच्या सहा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या निवडक बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा केली तेव्हा त्यामागचा हिशोब, माझ्या मते, असाच होता की आशियातल्या प्रेक्षकाला दर आठवड्याला मोठी नावे समोरासमोर दिसली म्हणजे झाले, शेजारी कोण हे त्याला विचारायचे कारण नाही. तो बेत दोन दिवसांत कोसळला, कारण स्टॅमफर्ड ब्रिज या आपल्या मैदानाबाहेर चेल्सीचे चाहते रस्त्यावर बसले आणि ज्यांचे एरवी एकमेकांशी पटत नाही अशा सगळ्या क्लबांचे चाहते एका बाजूला झाले. आपल्या राज्याचा या खेळाशी असलेला सर्वांत थेट संबंधही फारसा सुखाचा नाही: 1995 चा विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला, 2012 मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्या गावच्या चाहत्यांची निदर्शने पुढे अनेक वर्षे चालू राहिली. त्यांचे म्हणणे काय होते, हे एखाद्या मराठी वार्ताहराने पुण्यात आणि ब्लॅकबर्नमध्ये जाऊन लिहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आपणास विनंती एवढीच की डर्बीचा वृत्तान्त देताना चार ओळी त्या गावासाठी ठेवाव्यात आणि वैरांची क्रमवारी लावण्याचे काम समाजमाध्यमांवर सोडून द्यावे. तसेच गुणतक्ता पहिल्या सहा संघांवर न तोडता विसावा संघ दिसेपर्यंत छापावा, कारण माझ्या क्लबाचा जीव बहुतेक वर्षे तळातच टांगलेला असतो. शेवटचे म्हणजे, ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि दुपारी तीनचा सामना आपल्याकडे साडेसातऐवजी साडेआठला सुरू होतो. गेल्या वर्षी आपल्या पानावर नोव्हेंबरभर साडेसातचीच वेळ छापली जात होती, आणि मी व माझा भाऊ एक तास जाहिराती पाहत बसलो होतो.

आपला नम्र,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर