काकींना म्हणावं, उत्तर अर्धंच दिलं होतं

प्रिय मित्रा,

नाताळला तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा काकींनी वाढता वाढता सहज विचारलं बघ, "काय रे, तुम्ही लोक येशूला मानता का?" आणि मी तोंडात घास असतानाच "हो काकी, मानतो की" म्हणून मोकळा झालो. त्या एवढ्या खूश झाल्या की नाताळची गोड कुलकुलं अजून मूठभर ताटात पडली. वसईहून परत येताना गाडीत मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. खोटं नव्हतो बोललो, पण अर्धंच बोललो होतो आणि वर कुलकुलं पण खाल्ली. फोनवर हे सगळं बोलायला गेलो तर तू मधेच जोक मारणार, म्हणून लिहितोय.

तर पहिलं अर्धं. आमच्यात ईसाला, म्हणजे तुमच्या येशूला, पैगंबर न मानणारा माणूस मुसलमानच राहत नाही, इतकं ते पक्कं आहे. कुराणात त्यांचं नाव 25 वेळा येतं आणि मुहम्मद हे नाव फक्त 4 वेळा, हे ऐकून तू उडशील, मी पण उडालो होतो. मसीहा म्हणतात, अल्लाचा शब्द म्हणतात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे इब्ने मरियम, मरियमचा मुलगा. आईच्या नावाने ओळख, कारण बाप नाहीच, ते आम्हाला पण तुमच्याइतकंच मान्य आहे. आणि मरियम तर विचारूच नको, 19वा सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, अख्खा तिच्या नावाचा आणि पूर्ण कुराणात नाव घेऊन उल्लेख आलेली बाई ती एकटीच. हव्वाचं नाव नाही, पैगंबरांच्या आईचं नाही.

आमची दादी ही गोष्ट सांगायची ती घरात कोणी पोटुशी असली की हमखास. तुमच्यासारखा गोठा, गव्हाणी, तीन राजे काही नाही त्यात, योसेफ पण नाही. मरियम एकटी, गावापासून लांब, कळा सुरू झाल्यात आणि ती खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी येऊन म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, कुणाला माझी आठवणही राहिली नसती. मग खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा सोडलाय, झाडाचं खोड हलव, ओला ताजा खजूर पडेल, खा, पाणी पी, डोळे निववून घे. दादी इथे थांबून न चुकता म्हणायची, "बाळंतिणीला आधी पाणी आणि गोड द्यायचं हे अल्लाला कळलं, माझ्या सासूला नाही कळलं." ताईच्या वेळेस पण उशाशी खजुराची पुडी ठेवली होती तिने. (ओला खजूर उन्हाळ्यात पिकतो म्हणून आमच्यातले काही हुशार लोक डिसेंबरच्या तारखेवर वाद घालत बसतात, ते जाऊ दे.)

मग ती बाळ घेऊन गावात येते आणि लोक सुरू होतात, अगं हारूनच्या बहिणी, तुझा बाप वाईट नव्हता, आई बदचलन नव्हती, तू हे काय करून ठेवलंस. मला तर हे वाचताना आपल्याकडचीच आळी दिसते. तिने न बोलायचा नवस केलेला असतो, म्हणून ती नुसतं बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं पोर बोलायला लागतं. त्याचं पहिलं वाक्य काय, तर "मी अल्लाचा बंदा आहे." बंदा म्हणजे दास.

बस, इथे तुझा आणि माझा रस्ता फुटतो. तुमच्यासाठी तो देवाचा पुत्र, आमच्यासाठी बंदा आणि पैगंबर. बापाशिवाय जन्मला म्हणून मुलगा म्हणायचं तर आदमला आईबाप दोन्ही नव्हते, त्याला काय म्हणणार? कुराण ईसाची तुलना आदमशीच करतं. चमत्कार आम्हाला पण मान्य, आंधळ्याला दृष्टी, कोड असलेल्याला बरं करणं, मेलेल्याला उठवणं, शिवाय चिखलाचा पक्षी करून फुंकर मारली आणि तो उडाला हे तर तुमच्या बायबलात पण नाही. पण 5व्या सूऱ्यात ही यादी येते तिथे अल्ला एकाच आयतीत, म्हणजे एकाच वचनात, चारदा बजावतो, माझ्या परवानगीने.

आता खरं अवघड. त्या वर्षी गुड फ्रायडेला मी तुझ्याबरोबर चर्चबाहेर उभा होतो आठवतंय? काकी काळी साडी नेसून आल्या होत्या आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, नुसते डोळे पुसत होत्या. माझ्या किताबात त्या दिवशीची ती गोष्टच घडलेली नाही यार. 4थ्या सूऱ्यात स्पष्ट लिहिलंय, त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावर चढवलं नाही, त्यांना तसा भास झाला, अल्लाने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. भास म्हणजे नेमकं काय यावर जुन्या लोकांनी बरंच लिहिलंय, बरेच जण म्हणतात दुसऱ्याच कुणावर त्यांचा चेहरा चढवला गेला. आणि खरा फरक त्याच्याही मागे आहे. तुमच्यात आदमच्या पापाचा डाग सगळ्यांवर आला आणि तो धुवायला येशूने क्रूसावर रक्त सांडलं. आमच्यात आदमने चूक केली, माफी मागितली, अल्लाने माफ केलं, विषय संपला. पुढच्या पिढ्यांवर डागच नाही तर तो धुवायला कुणी रक्त सांडायची गरजही नाही. काकींचा अख्खा आधार तिथेच आहे आणि मी जेवताना "मानतो की" म्हणून त्यावरून उडी मारून गेलो.

ते परत येणार हे मात्र आमच्यात पण आहे, दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, आहे. आल्यावर क्रूस मोडतील असंही त्यातच आहे, आता लिहायलाच बसलोय तर हे पण लपवत नाही.

मला यात नजाशीचा, म्हणजे हबशांच्या राजाचा, किस्सा सगळ्यात आवडतो. 615 च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशांच्या देशात (आजच्या इथिओपियाकडे) पळाले, तिथला राजा ख्रिस्ती. मक्केवाले मागोमाग आले, म्हणाले यांना परत द्या, यांनी बापजाद्यांचा धर्म सोडलाय. पळून आलेल्यांच्या वतीने बोलणाऱ्या जाफरने आधी सूरा मरियम म्हणून दाखवला, राजा दाढी भिजेपर्यंत रडला असं सांगतात. दुसऱ्या दिवशी मक्केवाले म्हणाले, हे ईसाबद्दल भलतंच बोलतात, तेव्हा राजाने थेट विचारलं, ईसाबद्दल काय म्हणता? जाफरने गुळमुळीत उत्तर नाही दिलं, अल्लाचा बंदा आणि पैगंबर म्हणून सांगितलं. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तू म्हणालास त्यात आणि ईसात या काडीएवढाही फरक नाही. दरबारातले सरदार फुरफुरले म्हणे. आता काडीएवढाही फरक नाही असं मी म्हणणार नाही, तो राजा होता, त्याला परवडत होतं. पण समोर कोण बसलंय ते बघून जाफरने उत्तर बदललं नाही आणि मी कुलकुलं बघून बदललं.

हे काकींना वाचून दाखव. क्रूसाचा भाग आधी तू एकटा वाच आणि मग ठरव. पुढच्या रविवारी येतोय, खजूर आणतो. चिडल्या असतील तर आधी फोन कर, मग मी स्टेशनवरच काहीतरी खाऊन येईन.

तुझाच,
अर्धं उत्तर देणारा