दादा, उतरायला शिकवलंत म्हणून

दादा,
सप्रेम नमस्कार.

पायांची दहाही नखं शाबूत आहेत, हे आधी कळवते. तुमची पहिली चौकशी तीच असणार; उतारावर बोटं बुटात पुढे आपटून नखं जातात, हे तुम्हीच सांगितलेलं. निघायच्या आदल्या रात्री बाकी सगळ्यांचे "झेंडा फडकवा" असे मेसेज आले, तुमचा एकट्याचा आला: "नखं कापलीत का?"

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितेय. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर निघालेलं कुणी ना कुणी हल्ली आपल्याकडे भेटतंच, आणि जो तो चढण्याबद्दल विचारतो. तुम्ही मात्र आमच्याकडून तयारी करून घेतलीत ती उतरण्याची.

सिंहगडाचंच घ्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि वर पोचलं की पाणी ओतून, हलकं होऊन उतरायचं, ही सरावाची सर्वमान्य रीत. तुम्ही थेंबभर ओतू दिलं नाहीत. "दम बसलं की जातो, गुडघ्याचं दुखणं बसून जात नाही." तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण किलिमांजारोचा माथा, उहुरू शिखर, ५,८९५ मीटरवर आणि त्याच दिवशीचा मुक्काम म्वेका कॅम्पला, साधारण ३,१०० मीटरवर. मध्यरात्रीपासून चढून झाल्यावर पावणेतीन हजार मीटरहून जास्त उतार. एकामागून एक चारपाच सिंहगड उतरा! त्यात वरचा भाग म्हणजे ज्वालामुखीची राख आणि बारीक खडी. टाच रोवली की पाऊल हातभर खाली सरकतं. गुडघा किंचित वाकवायचा, काठ्या आधी टेकवायच्या, शरीर मागे टाकायचं नाही, हे सगळं तुम्ही घाटवाटेच्या घसाऱ्यावर घोटून घेतलं होतंत, म्हणून निभावलं.

दिवसांवरून झालेला वाद आठवतो? तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसागणिक असल्यामुळे पाच दिवसांचं पॅकेज स्वस्त पडत होतं. "जॅकेट भाड्याने मिळेल, दिवस मिळणार नाहीत," म्हणून तुम्ही लेमोशो मार्गाचा आठ दिवसांचा कार्यक्रम घ्यायला लावलात. त्याचा अर्थ वाटेतल्या लाव्हा टॉवर या ठिकाणी कळला. साधारण ४,६०० मीटरवर डोकं ठणकत होतं आणि समोरचं सूप पाहवत नव्हतं. तुम्ही खिशात कोंबलेली आवळा सुपारी तेवढी गेली. संध्याकाळी बारांको कॅम्पला, चार हजारांच्या आत उतरलो आणि चक्क भूक लागली. विरळ हवेची ओळख वर जाऊन करून घ्यायची आणि झोपायला खाली यायचं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही डॉक्टरांना विचारून घरीच घेऊन बघायला लावली होतीत, त्यामुळे तिथे बोटांना मुंग्या आल्या तेव्हा कुणी घाबरलं नाही.

आणि तो कागद. पुण्यात, पंख्याखाली बसून, डोकं ठिकाणावर असताना लिहिलेला: उलट्या थांबत नसतील, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, तर वाद न घालता खाली. इंग्रजीत लिहून, प्रत्येकाची सही करून, पहिल्याच दिवशी मुख्य गाइडच्या हातात. मला तेव्हा हा जरा अतिरेक वाटला होता.

शिखराआधीचा शेवटचा बाराफू कॅम्प सोडून बरंच वर गेल्यावर ह्यांची पावलं वाकडी पडायला लागली. गाइडने टाचेला टाच लावून चालायला सांगितलं; तीन पावलांत हे कलंडले. तरी "मी एकदम ठीक आहे" चालूच! गाइडने आवाज चढवला नाही. हेडलॅम्पच्या उजेडात तो घडी घातलेला कागद ह्यांच्याच सहीवर बोट ठेवून दाखवला आणि सहाय्यकासोबत खाली धाडलं. त्या थंडीत, त्या उंचीवर बायकोचं ऐकलं असतं का हो? कॅम्पवर पोचेपर्यंत चाल सरळ झाली होती. मी पुढे गेले, विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटला उजाडलं, उहुरूच्या पाटीपाशी फोटो झाला. तो तुम्ही पाहिलाच आहे.

हमालांच्या ओझ्याबद्दलही तुमचे आभार मानायला हवेत. एकाने वीस किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही असा नियम आहे आणि गेटवर खरोखर काटा असतो. तुम्ही आमच्या बॅगांमधून लाडवांचा डबा काढून ठेवलात, ते बरंच केलंत. टिपसाठी सुट्या, कोऱ्या डॉलरच्या नोटाही उपयोगी पडल्या.

तुमचे गेटर्स, बुटांत खडी जाऊ नये म्हणून पायांवर चढवलेले, दोनदा धुतले, राखेचा करडा रंग काही पुरता जात नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीला आणून देते. हेही येणार आहेत. त्यांना पुन्हा जायचंय, आणि या वेळी सही करण्याआधी कागदातल्या तिसऱ्या अटीवर तुमच्याशी भांडायचंय.

आपली,
खालच्या मजल्यावरची वहिनी