पिशवी काढू की ठेवू, तूच सांग

प्रिय मेघे,

गणपतीनंतर तुला एक धड मेसेज केला नाही, त्याच्या शिव्या फोनवर घाल, आधी हे वाच. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस म्हणून मेल करतेय. घरचे बरे आहेत, बापूंची शुगर आहे तिथेच, आईंचा गुडघा कुरकुरतोय.

तर विषय माझ्या ओटीपोटाचा. तोच गो, ज्याच्यासाठी तू हॉस्टेलवर गरम पाण्याच्या बाटल्या भरायचीस आणि रेक्टरबाई म्हणायच्या, परीक्षा आली की हिचं पोट बरं दुखतं! शेवटी निदान झालं, तेही एक नाही, दोन. एंडोमेट्रिओसिस आणि ॲडिनोमायोसिस. पहिल्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर वाढतं, बीजकोशावर, आतड्याजवळ, कुठेही, मग पाळीला तेही सुजतं आणि आतलं सगळं एकमेकाला चिकटत जातं. दुसऱ्यात ते पिशवीच्या भिंतीतच घुसतं. डाव्या बीजकोशावर ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट आहे, आत जुनं रक्त साकळलेलं. एवढी वर्षं सोनोग्राफी नॉर्मल यायची आणि मी तो नॉर्मल रिपोर्ट उशाशी ठेवून लोळत असायचे. बारीक डाग साध्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत म्हणे, आता एमआरआयमध्ये हे दिसलं. आणि डाग किती त्यावर दुखणं किती हे ठरत नाही, थोड्याशा डागांनी एखादी बेजार होते आणि पोटभर असून दुसरीला पत्ता नसतो. साधारण दहातल्या एका बाईला हे असतं. आपल्या वर्गात आपण चाळीस पोरी होतो, कर हिशोब.

मधे सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट वाढलेली आली तेव्हा ह्यांनी गुगल करून एका रात्रीत मला तेराव्यापर्यंत पोचवलं. सकाळी कळलं की या आजारातही ती वाढते, तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही.

आता खरा घोळ. पहिल्या डॉक्टरने रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाला, दोन मुलं आहेत ना, मग पिशवी ठेवून काय लोणचं घालायचंय? आंब्याचा सीझन संपल्यावरची तारीख देतो. घरी सगळे खूश. आई म्हणाल्या, "पिशयेचा काम झाला ना, मग आता ती कित्याक व्हयी?" वर धाकट्या जावेचं उदाहरण तयार आहेच, तिची काढली आणि आता कशी टणाटण उड्या मारते. पण तिच्या पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी होत्या, ब्लीडिंग थांबत नव्हतं, तिला फायदा झाला हे मी नाकारतच नाही. माझं प्रकरण निराळं आहे हे कुणाला ऐकायचं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या, तरण्याताठ्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, तेव्हा आपण दोघी फोनवर केवढ्या तावातावाने बोलत होतो! आता आमच्याच ओसरीवर तारीख ठरतेय आणि मी चहा देत फिरतेय.

म्हणून गपचूप गोव्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आले, ह्यांना सांगितलं नात्यातल्या बारशाला चाललेय. बाईंनी आधी नुसतं विचारलं. शौचाला होताना दुखतं का, लघवीला जळजळतं का, पाळी नसतानाही दुखतं का, संबंधांच्या वेळी? तो विषय तुला माहीत आहे, ह्यांना वाटतं मला त्यांचा कंटाळा आलाय. मग एक बोट घालून आतून बाजूचा स्नायू हलकेच दाबला तर मी टेबलावरून उठायचीच बाकी होते, तीच कळ, तंतोतंत! म्हणाल्या, वर्षानुवर्षं दुखण्याच्या भीतीने हे स्नायू आवळून बसलेत, ते स्वतःच दुखायला लागलेत, आणि एवढी वर्षं झाली की नसाही हळव्या होतात, जरा खुट्ट झालं की बोंब मारतात. म्हणजे पिशवी काढली की ॲडिनोमायोसिस जाईल, पण बाहेरचे डाग, हे स्नायू, ह्या नसा इथेच. आणि बीजकोशही काढले तर ताबडतोब मेनोपॉज, या वयात, हाडांची वाट. हे पहिल्या माणसाने सांगितलं का? नाही. बीजकोश ठेवणार की काढणार तेही बोलला नाही आणि तारीख देऊन बसला.

त्यामुळे तू पाठवतेस ते कीगलचे, म्हणजे खालचे स्नायू आवळायच्या व्यायामाचे, व्हिडिओ बंद कर बाई. आधीच आवळलेलं आणखी कशाला आवळायचं. मला उलटं करायचंय, पोटातून श्वास, स्नायू सैल सोडणं, त्याची फिजिओथेरपी असते. देवगडात कोण शिकवणार, ऑनलाइन बघतेय. आंब्याच्या पेट्या भरायला उकिडवं बसायचं बंद, स्टूल घेतलंय, गडी हसतात, हसोत.

बाईंचं म्हणणं, आधी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम रोज, खंड न पाडता, काही महिने बघू. पाळी थांबते किंवा नावापुरती येते, सुरुवातीला मधेच डाग पडतात, मूड जातो (माझा कधी होता, असं तू म्हणशीलच). गोळी बंद केली की दुखणं परत येऊ शकतं. नाही जमलं तर कॉपर-टीसारखीच पण हार्मोनवाली मिरेना, नाहीतर दुर्बिणीतून सिस्ट आणि डाग काढायचे. पिशवी काढायचा रस्ता त्यानंतरही उघडा आहे, काढलेली मात्र कुणी परत बसवून देत नाही. पण मेघे, खरं सांगू, रात्री कळ आली की वाटतं काढून टाक एकदाची, सगळे म्हणतात तसं, सुटले. सकाळी परत उलटं. असा झोका चाललाय.

आणि चिऊचं पण सुरू झालंय. पाळीला उलट्या करते, शाळा बुडते. आई तिला तेच सांगतात जे मला सांगायच्या, "आमका पण दुखायचा, आमी बोंबललो नाय." आईला असलं तर मुलीला व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून मी तिच्या तारखा कालनिर्णयवर लिहायला लागलेय, दुधाच्या हिशोबाशेजारी. दुखणं वाढायची वाट न बघता पाळी लागताच काहीतरी खाऊन दुखण्यावरची गोळी द्यायची, एवढं तरी आता कळतंय. डॉक्टरीणबाईंकडे तिलाही नेणार. पन्हाळ्याला तू मला "नाटकं करते" म्हणाली होतीस ना, ते माफ केलंय, विसरले नाही. तिला कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

तुझ्या नव्या फ्लॅटचे फोटो बघितले, किचन मस्त, पडदे भयानक. ओमची बारावी कशी चाललीय, त्याला ओरडू नकोस फार.

काम असं आहे. डिसेंबरात परत गोव्याला जायचंय आणि पहिल्याची तारीख रद्द करायचीय, दोन्ही ह्यांना सांगायचंय. तू सोबत असलीस तर मला बोलता येईल, ते तुला जरा घाबरतात. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकड, कणकवलीला उतर, मी रिक्षा पाठवते. दुपारी दोनला फोन कर, तेव्हा आई झोपलेल्या असतात. आणि ह्यांना आधी काही बोलू नकोस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझी
वसू