सूचना : रील धुऊन, सुकवूनच ठेवा

सर्व सभासदांसाठी,

खाऱ्या पाण्यात वापरलेले मासेमारीचे रील (गळाची दोरी गुंडाळायची चकरी) त्याच दिवशी धुवावे. मीठ सुकले की बेअरिंग खरखरायला लागते आणि मग नुसत्या धुण्याने भागत नाही.

धुण्याआधी ड्रॅगचा (मासा ओढू लागला की दोरी किती ताणावर सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेकचा) नॉब घट्ट करा, म्हणजे आतल्या वॉशरपर्यंत पाणी जाणार नाही. गोड्या पाण्याची हलकी धार पुरे. जोराचा फवारा मारू नका. त्याने मीठ आणि वाळू निघण्याऐवजी आत ढकलली जाते. रील बादलीत बुडवून ठेवणेही टाळा. नंतर फडक्याने पुसून सावलीत सुकवा आणि ड्रॅग पुन्हा सैल करा. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. घट्ट राहिलेले वॉशर दबून जातात, आणि मोठा मासा लागला की दोरी सलग न सुटता झटके देत सुटते.

गिअरला ग्रीस, बेअरिंगला आणि दोरी ज्यावरून फिरते त्या छोट्या रोलरला पातळ तेल, तेही थेंबभरच. हँडल उलटे फिरू न देणाऱ्या क्लचला मात्र ग्रीस अजिबात लावू नये, तो घसरू लागतो. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. आतले ग्रीस तो धुऊन टाकतो.

रील पूर्ण खोलणार असाल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. वॉशरचा क्रम चुकला तर ड्रॅग नीट धरत नाही. आणि स्प्रिंग उडते, म्हणून खाली कापड अंथरा!