काही हजार पक्षी, तरीही अतिसंकटग्रस्त

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सायबेरियन क्रौंचाविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या बातमीतील दोन गोष्टी खटकल्या. पक्ष्याचे शास्त्रीय नाव ‘ग्रस ल्युकोजेरॅनस’ असे छापले होते आणि जगात या जातीचे काही हजार पक्षी असताना तिला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, असाही सूर होता. नावाची चूक जुन्या पुस्तकांवरून झाली असावी. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती वाचकाला विनाकारण निर्धास्त करते.

निसर्गशास्त्रज्ञ पीटर पॅलस यांनी १७७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पुढे दीर्घकाळ तो ‘ग्रस’ या प्रजातीतच (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानला जात होता. क्रौंचांच्या जनुकीय माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील तुरेवाले क्रौंच वगळता उरलेल्या सर्व क्रौंचांपासून हा पक्षी फार पूर्वीच वेगळा झाला असल्याचे त्यातून दिसले. त्यामुळे १८५५ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ बोनापार्ट यांनी सुचवलेले ‘ल्युकोजेरॅनस’ हे प्रजातीनाव त्याला पुन्हा मिळाले. त्याच फेरमांडणीत आपला सारसही ‘ग्रस’मधून ‘अँटिगोन’मध्ये गेला. जगात क्रौंचांच्या १५ जाती आहेत आणि ‘ल्युकोजेरॅनस’मध्ये त्यांपैकी ही एकच आहे. हा पक्षी नाहीसा झाला तर एका जातीबरोबर संपूर्ण प्रजातीच पुसली जाईल. चिखल खणून पाणवनस्पतींचे कंद उपसण्यासाठी त्याच्या लांब चोचीच्या कडा बारीक दातेरी असतात. इतर क्रौंचांपेक्षा तो उथळ पाण्यावर कितीतरी अधिक अवलंबून आहे.

त्याच्यावरील संकटाचे मूळ याच गोष्टीत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. ही वर्गवारी करताना आज किती पक्षी उरले एवढेच मोजत नाहीत; तीन पिढ्यांच्या काळात संख्या किती वेगाने घटली किंवा घटण्याची शक्यता आहे, हेही पाहतात. उत्तर अमेरिकेतील व्हूपिंग क्रौंच संख्येने सायबेरियन क्रौंचापेक्षा खूपच कमी असूनही एक पायरी खाली, म्हणजे ‘संकटग्रस्त’ गणला जातो, कारण १९४१ मध्ये विशीच्या आसपास उरलेली त्याची संख्या अनेक दशकांच्या जपणुकीने वाढत आली आहे. सायबेरियन क्रौंचाची गोष्ट वेगळी आहे. रशियाच्या सायबेरियातील याकुतियात वीण करणारे जवळजवळ सगळे पक्षी हिवाळा चीनमधील पोयांग सरोवराच्या परिसरात काढतात. तेथील पाणी ऋतूप्रमाणे चढते आणि ओसरते. ते वेळेवर ओसरले, तरच कंद चोचीच्या टप्प्यात येतात. २०१० च्या उन्हाळी पुरानंतर हे कंद फारच कमी उगवले आणि पक्षी गवताळ माळांवर, शेतांत अन्न शोधू लागले. सरोवराच्या मुखाशी पाणी अडवण्याचे प्रस्तावही वेळोवेळी पुढे आले आहेत. गेल्या काही वर्षांतील गणनांत संख्या वाढलेली दिसते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकाच सरोवराच्या आधारावर उभी असलेली संख्या सुरक्षित म्हणता येत नाही.

अशी संख्या किती लवकर संपू शकते, ते भारतात आपण पाहिले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० सायबेरियन क्रौंच होते. पुढे ते उद्यान राष्ट्रीय उद्यान झाले, महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले, तरी पक्षी कमीच होत गेले, कारण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून येणाऱ्या त्यांच्या वाटेवर शिकार चालू होती. २००२ नंतर तेथे एकही आला नाही. मी भरतपूरला गेलो, तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षे झाली होती. तरी ते कोणत्या पाणथळीत उतरत, हे सायकलरिक्षावाल्याने न विचारता दाखवले. इराणमधील फेरेदुनकेनार येथे तर २००७ नंतर अनेक हिवाळे एकच नर येत राहिला. लोकांनी त्याचे नाव ‘ओमिद’, म्हणजे आशा, असे ठेवले.

या बातमीची दुरुस्ती छापताना ‘ल्युकोजेरॅनस ल्युकोजेरॅनस’ हे नाव द्यावे आणि अतिसंकटग्रस्त या वर्गवारीमागील कारणही नमूद करावे, अशी विनंती आहे. बातमीत एके ठिकाणी त्याला ‘पांढरा बगळा’ही म्हटले होते. बगळा मान दुमडून उडतो आणि क्रौंच ती सरळ पुढे ताणून उडतो; एवढा फरक सोबतच्या छायाचित्रातही स्पष्ट दिसत होता.

आपला,
एक नियमित वाचक