यंदा कूलरपण रुसला

नागपूर, 30 मे 2025

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. 26 मे लाच मुंबईत मान्सून येऊन बसला म्हणून तुम्ही छत्र्या शोधत फिरून राहिले आणि वरून मला विचारतोस, "काय बे, नवतपा कसा आहे, भाजले का सगळे?" अबे भाजायचं कुठलं, आम्ही इथे आंबून राहिलो आहे.

25 ला नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस. त्या दिवशी आपण लहानपणी काय करायचो आठव, दुपारी बाराला डांबरी रोडवर कोणाची चप्पल चिकटते ते बघायला जायचो. आता सकाळी उठलो तर अंगणात चिखल आणि बाबा स्वेटर घालू की नको अशा विचारात. एप्रिलमध्ये बऱ्यापैकी तापलं होतं हो, तेव्हा वाटलं आता मे काही सोडत नाही. 2013 च्या मे मध्ये 47.9 गेलं होतं, आणि मागच्या वर्षी तर त्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशनवर 56 दिसलं म्हणून आख्ख्या देशात आपलं नाव झालं, मग निघालं की सेन्सरच बिघडला होता. किती मिरवलो होतो आपण दोन दिवस!

आता रोजचं टाइमटेबल ऐक. दुपारपर्यंत उकाडा, चारच्या आसपास आभाळ काळंनिळं, मग धूळ, मग वारं, मग टपोरे थेंब आणि पहिल्या थेंबाला लाईट गेली. बंगालच्या उपसागराकडून ओली हवा येते, वायव्येकडून कोरडी गरम, आणि दोघींची गाठ नेमकी आपल्या डोक्यावर पडते म्हणे. मे मध्ये एकदोनदा असं होतंच, पण रोज?

आणि कूलर! मार्चमध्येच ताट्या बदलल्या, वाळ्याच्या आणल्या, पैसे मोजून. पण हवेतच पाणी भरलेलं असलं तर ताटीवरचं पाणी उडणार कसं, आणि ते उडालं नाही तर गार काय घंटा होणार. लावला की अंग चिपचिप, गादी दमट, आईच्या भाषेत "हा तर वाफारा देऊन राहिला". बंद केला की मच्छर. 44 डिग्रीत मी जेवढा शांत झोपायचो तेवढा या 35 मध्ये झोपलो नाही, खरं सांगतो.

त्या मोठ्या वादळाच्या रात्री कोपऱ्यावरचा गुलमोहर आडवा झाला, ज्याच्याखाली आपण सायकली लावायचो तोच. सिमेंट रोड झाला तेव्हा बुंध्याभोवती पार गळ्यापर्यंत सिमेंट भरलं होतं, मुळांना जागाच नव्हती. पडल्यावर बघितलं तर एवढ्या मोठ्या झाडाची मुळं जेमतेम आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी. लाईट चौदा तासांनी आली. आणि बाबांची एक गंमत (गंमत म्हणजे काय, मला हसू येत नाही त्याचं), 2023 च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी घुसलं होतं ना, तेव्हापासून रात्री जोरात गडगडलं की ते उठून स्कूटर ओट्यावर चढवतात. मे महिन्यात चढवून राहिले, आता बोल.

पण सगळ्यात वाईट आईच्या कुरड्यांचं झालं. तीन दिवस गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटला, चीक निवळला, पहाटे पाचला उठून शिजवला, सोऱ्या दाबून दाबून माझा खांदा गेला. गच्चीवर जुन्या साड्यांवर शंभरेक कुरड्या. साडेतीनला आभाळ आलं, आम्ही दोघं पळालो, साडीची चार टोकं धरून उचलली तर ओल्या कुरड्या एकमेकींवर घसरून एकच गोळा. मग खोलीत पंख्याखाली पसरल्या. दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी कडेला गुलाबी झाक. आईने एक उचलली, वास घेतला, परत ठेवली, काहीच बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे किती लागलं ते तुला माहीतच आहे.

मामाला फोन केला काटोलला, तर तिथे वेगळंच. संत्र्याची आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, बोराएवढी फळं वाऱ्याने खाली, सडा पडलेला. ते तर दिसते तरी, म्हणाला. पण मृग बहारासाठी झाडं ताणावर सोडली होती, महिनाभर पाणी तोडून, पानं मलूल होईपर्यंत, म्हणजे मृगाच्या पावसावर फुलं येतात. "पाणी पडलं अन् झाड ताणावरून उठलं बापू, आता फूल कायचं, नवतीच फुटून राहिली." नवती म्हणजे नुसती नवी पालवी. बगीचा असा हिरवागार की बाहेरचा माणूस म्हणेल वा. मामा म्हणे मला बघवत नाही.

तर यंदाच्या पार्सलमध्ये कुरड्या नाहीत, बायकोला आधीच सांगून ठेव. वादळात शेजाऱ्यांच्या झाडाच्या कैऱ्या आमच्या अंगणात पडल्या, दोन पोती. मार लागलेल्या कैरीचं लोणचं टिकत नाही म्हणून आईने मेथांबा केला, गूळ जरा जास्तच पडला आहे. दोन बरण्या पाठवतो. झाकण घट्ट आहे, उलथन्याने उघडू नको, मागच्या वेळसारखी बरणी फोडशील.

तुझाच,
मानेवाड्याचा भिजलेला