मुहूर्त 12:35 चाच होता, दादा!

दादा, नमस्कार.

तुमच्या मुलाच्या मुंजीचे फोटो आमच्या स्टुडिओनं काढले, एवढीच आपली ओळख. तेवढ्यावर रात्री साडेदहाला फोन केला आणि तुम्ही उचललात. घाईत आभार मानायचे राहिले, म्हणून हे उघड पत्र.

लग्न दोन कॅमेऱ्यांनी शूट केलेलं, कार्डं सहा. भाच्यानं जुन्या पीसीवर लिनक्स ही सिस्टीम टाकून फोटो साठवायचा सर्व्हर करून दिलाय. कार्ड लावायचं, ‘सीपी’ ही कॉपीची कमांड मारायची. मारली. मग नेटवर्कवरून माझ्या विंडोजवर फोल्डर उघडलं, तर हळदीपासून वरातीपर्यंत सगळ्यावर कॉपी केल्याची तारीख! आता दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार लावायचे कसे?

तुम्ही पहिलं विचारलंत, “कार्डं फॉरमॅट केलीत का?” दोन केली होती. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं “हं” म्हणालात. ते जास्त लागलं.

उरलेल्या चारांसाठी ‘सीपी’ला ‘मायनस पी’, म्हणजे मूळ तारीख जपायची खूण, जोडायला लावलंत. तो नसेल तर सर्व्हरच्या लेखी फाइल आजच जन्मलेली. तारीख जागेवर आली, पण मंगलाष्टकांच्या फोटोवर वेळ 18:05. तुम्ही एकदम विचारलंत, “मुहूर्त किती वाजताचा होता?” म्हटलं, आता पंचांग काढतात की काय! 12:35 ऐकल्यावर हसलात, “बरोब्बर साडेपाच तास.” आमची कार्डं फॅट32 या पद्धतीनं फाइली ठेवणारी. त्यांच्यावर कॅमेरा स्वतःच्या घड्याळातली वेळ लिहितो, ती कुठल्या देशातली हे लिहीत नाही. सर्व्हरनं ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली आणि विंडोजनं दाखवताना वर भारताचे साडेपाच तास मिळवले. दुपारचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं! कार्ड माउंट करताना, म्हणजे सर्व्हरला जोडताना, ‘टाइम ऑफसेट’ (वेळेतला फरक) 330 मिनिटं द्यायचा, एवढाच उपाय. तुम्ही एकेक अक्षर सांगत होता, मी एका बोटानं टाइप करत होतो. तेही आधी एकाच फोटोवर करून बघायला लावलंत.

फॉरमॅट झालेल्या कार्डांच्या फोटोंचा प्रश्नही सुटला. कॉपी करताना फाइलवरची तारीख बदलली, तरी फोटोच्या पोटातल्या एक्झिफला, म्हणजे कॅमेऱ्यानं आत लिहिलेल्या नोंदीला, धक्का लागत नाही, हे मला वीस वर्षं कॅमेरा हातात धरून माहीत नव्हतं. एक्झिफटूल या प्रोग्रॅमनं तीच वेळ फाइलवर आणून बसवली.

अल्बम शनिवारी गेला. मातृभोजनाचा तुमचा एक फोटो मोठा करून फ्रेम केलाय. वहिनींना घेऊन या, चहा आमच्याकडे.